दाढेच्या बाकावरचे व्याही

आमच्या ओपीडीत जो पेशंट सलग दोन तारखा चुकवायचा, त्याला फोन करायचं काम माझ्याकडे होतं. अमरावतीतल्या एका दवाखान्याच्या व्यसनमुक्ती विभागात मी समुपदेशक होते. आमच्याकडे कुणाला भरती करून घेत नसत. आठवड्यातून एकदा यायचं, डॉक्टरांना दाखवायचं, गोळ्या घ्यायच्या, माझ्यासमोर अर्धा तास बसायचं आणि घरी जायचं, एवढंच. आणि एवढंच लोकांना जमत नसे. तीन-चार आठवडे माणूस नेमानं यायचा, चेहऱ्यावर जरा तजेला दिसू लागायचा, आणि मग एका मंगळवारी त्याची खुर्ची रिकामी राहायची.

फोनवर काय काय ऐकलं मी. एकदा एका पेशंटनं स्वतःच फोन उचलून, तो घरी नसल्याचं मला सांगितलं. मी आवाज ओळखला हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो म्हणाला की मी त्याचा भाऊ बोलून राहिलो, आमचे आवाज सारखेच हायत. दुसरा एक जण बसमध्ये असल्यामुळे त्याला काही ऐकू येत नव्हतं. त्याच्यामागे कुकरची शिट्टी झाली. धामणगावचा एक गृहस्थ मात्र फार सभ्य. त्यानं सांगितलं की दारू पूर्ण सुटली, म्हणून आता यायची गरज नाही. मी अभिनंदन केलं आणि शेवटची कधी घेतली ते विचारलं. तो म्हणाला, सकाळी.

ही कारणं मला एका छापील तक्त्यात भरावी लागत. अंतर, कामधंदा, घरच्यांचा पाठिंबा नाही, औषधाचा त्रास, इतर. ‘इतर’पुढे दोन शब्द मावतील एवढी रेघ. ज्या दोघांची हकिकत सांगते आहे, त्यांचं कारण त्या रेघेत मावलं नाही. दोघांची परवानगी घेऊनच सांगते आहे. एकानं अट घातली की शुद्धलेखन त्यांच्याकडून तपासून घ्यायचं. दुसऱ्यानं अट घातली की त्याची दाढ खरोखर किडलेली होती, हे स्पष्ट लिहायचं. ती खरोखर किडलेली होती.

पहिले दर्यापूरचे. तिथल्या शाळेत गणित शिकवायचे, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सगळे त्यांना सर म्हणत, मीही सरच म्हणते. संध्याकाळी वरच्या खोलीत पेपर तपासायला बसायचे आणि वर्षभर पेपर तपासायचे, परीक्षा असो वा नसो. घरी कुणाला काही माहीत नाही, असा त्यांचा ठाम विश्वास होता. मंगळवारी अमरावतीला येताना बायकोला पेन्शनच्या कागदांचं काम सांगायचे. मी त्यांना रोज किती घेता ते वहीत लिहून आणायला सांगितलं, तर त्यांनी आलेखाच्या कागदावर वक्र काढून आणला. खाली दिवस, उभ्या रेषेवर पेग, कोपऱ्यात प्रमाण. चार आठवड्यांत वक्र छान खाली आला होता. मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं, आणि त्याआधी तो शून्याला टेकवायचा असा त्यांचा निश्चय होता.

दुसरा अकोल्याचा वायरमन. वीज कंपनीत तीस वर्षं खांबावर चढलेला, अंगानं आडवा, आवाजानं उभा. अकोल्यात उपचार मिळत नव्हते असं नाही. पण त्याचं म्हणणं असं की अकोल्यात ज्या गल्लीत जावं तिथली लाईट त्यानंच कधी ना कधी जोडलेली, सगळे ओळखतात, पोराचं लग्न तोंडावर आलेलं. म्हणून तो सकाळी निघून मूर्तिजापूरमार्गे अमरावतीला यायचा. तो हसून सगळं सांगायचा, आणि हात थरथरतात म्हणून आता खांबावर चढायची भीती वाटते, हे सांगताना मात्र हसत नसे.

एकाच्या मुलीचं लग्न, दुसऱ्याच्या मुलाचं. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे बसणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरी लग्न असतं, त्यामुळे मला काही सुचलं नाही. सर दहाला येऊन अकराला निघायचे, वायरमनची गाडी बाराला पोचायची. दोघांची गाठ पडायचं कारण नव्हतं.

इथे आमच्या बाकाचं सांगायला हवं. आमच्या दारावर पेंटरनं ‘व्यसनमुक्ती विभाग’ अशी लाल अक्षरं काढली होती, एवढी मोठी की गेटपासून वाचता यावीत. त्या पाटीखालच्या बाकावर कुणी बसत नसे. आमचे सगळे पेशंट समोरच्या दंतविभागाच्या बाकावर बसायचे. मी दार उघडून तिकडे नुसती मान हलवायची, की त्यातला एक उठून यायचा. दंतविभागाचा शिपाई वैतागला होता. त्याच्या पेशंटना गाल धरून उभं राहावं लागे आणि बाकावर धडधाकट दातांची माणसं रांगेनं बसलेली असत.

फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी सरांची बस वाटेत बंद पडली. ते बाराला पोचले आणि नेहमीप्रमाणे दाढेच्या बाकाकडे वळले. तिथे वायरमन बसला होता. मी त्याच वेळी वायरमनला बोलवायला दार उघडलं, आणि दोघांचेही हात एकाच क्षणी आपापल्या गालावर गेलेले पाहिले.

“जय भीम, व्याही. तुमी इकडं?” वायरमन म्हणाला.

“जय भीम. जरा दाढ,” सर म्हणाले.

“माही बी दाढच.”

मी दार लोटून घेतलं. महिन्यापूर्वी साखरपुडा झालेल्या एकाच लग्नाचे हे दोन बाप होते, हे मला तेव्हा कळलं.

पुढचं फटीतून ऐकलं. दोघं एकमेकांच्या दाढेची चौकशी करत होते. कधीपासून दुखते, गरम लागतं की थंड. शिपायाला एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्या बाकावर दाताची तक्रार ऐकू आली. तो धावत येऊन दोघांचे केसपेपर काढायला निघाला. सरांनी शिक्षकी अदबीनं आग्रह केला की तुमी लांबून आले, तुमी आधी. वायरमननं वयाचा मान म्हणून सरांना आधी जा म्हटलं. शेवटी शिपायानंच वायरमनच्या दंडाला धरून त्याला आत नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कामाला चोख. त्यांना वायरमनच्या तोंडात खालच्या बाजूला एक दाढ पार पोखरलेली सापडली, आणि अर्ध्या तासात ती त्यांनी काढली. वायरमन तोंडात कापसाचा बोळा घेऊन बाहेर आला. ते पाहून सरांनी आपली दाढ आता बरीच शांत झाल्याचं जाहीर केलं आणि बसस्टँडचा रस्ता धरला.

त्यानंतर दोघंही येईनासे झाले.

दोन मंगळवार गेल्यावर मी फोन केले. सर म्हणाले, बोर्डाच्या परीक्षा सुरू आहेत. बोलता बोलता त्यांनी विचारलं की तुमच्याकडे अकोल्याकडची माणसंही येतात का. मी सांगितलं की कोण येतं आणि कोण नाही, हे मी कुणालाच सांगत नाही, तुमच्याबद्दलही नाही. त्यांनी हे उत्तर बराच वेळ मनात सोडवून पाहिलं असणार. मग म्हणाले, मंगळवार सोडून दुसरा वार मिळेल का. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारीच असायचे, म्हणून मी त्यांना शुक्रवार दिला. तासाभरानं वायरमनला फोन लावला. दाढेच्या खड्ड्यात अजून ठणका आहे, असं त्यानं सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, दर्यापूरचे कोणी मास्तर येतात काय जी तिथं. मी तेच उत्तर दिलं. तोही म्हणाला, मंगळवार नको, शुक्रवार द्या.

आता मी काय करणार? शुक्रवार नको म्हणावं तर काहून नको, हे सांगावं लागलं असतं. मी सरांना साडेदहा आणि वायरमनला बारा अशी वेळ दिली आणि दोघांनाही वेळ पाळायला दोनदा बजावलं.

वायरमन दीड तास आधी आला. ओळखीचं कोणी भेटाले नको म्हणून लवकर आलो, असं त्यानं सांगितलं. मी त्याला खुर्चीवर बसवलं, लवकर मोकळा करावा म्हणून घाईनं बोलायला सुरुवात केली, आणि दारावर टकटक झाली. सर आत आले. इथे दाढ चालण्यासारखी नव्हती. खोली माझी, पाटी बाहेर, दुसरं दार नाही.

सर वर्गात बोलतात त्या आवाजात माझ्याशी बोलायला लागले. शाळेतल्या मुलांसाठी व्यसनमुक्तीवर भाषण ठेवायचं आहे, त्याची तारीख पक्की करायला आलो, असं म्हणाले. मी काही बोलायच्या आत वायरमन उठला होता. त्याच्या खिशात टेस्टर कायम असतो. तो म्हणाला की कंपनीनं लोड पाहाले पाठवलं. अकोल्याच्या वायरमनला अमरावतीत लोड पाहायला कशाला पाठवतील, हे सरांनी विचारलं नाही. भाषणाचं असं अचानक कसं ठरलं, हे वायरमननं विचारलं नाही. तो स्टुलावर चढला. आमचा पंखा दिवाळीपासून बंद होता. वीस मिनिटांत तो गरगरायला लागला, आणि टेबलावरचे माझे तक्ते खोलीभर उडाले. सरांनी ते गोळा करून दिले. जाताना त्यांना एप्रिलमधली एक तारीख ठरवूनच जावं लागलं, कारण वायरमन टेस्टर पुसत शांतपणे ऐकत होता.

त्यानंतर शुक्रवारीही दोघांपैकी कुणी आलं नाही. पण भाषणाचं पत्र मात्र आलं, मुख्याध्यापकांच्या सहीचं. मी गेले. दर्यापुरात तेव्हा सकाळची शाळा होती. नववीच्या वर्गापुढे मी तासभर बोलले. सर मागे, दाराशी उभे होते. शेवटी एका मुलीनं उठून विचारलं की माणसाला सोडायची आहे, तो दवाखान्यात जातो, तर मग मधेच जाणं काहून सोडतो? मी म्हटलं, पुष्कळदा दारूची वाटत नाही एवढी भीती ओळखीच्या माणसाची वाटते. सर खिडकीबाहेर पाहायला लागले. बाहेर रिकामं मैदान होतं.

रिवाजाप्रमाणे जेवायला त्यांच्या घरी गेले. सर बाहेरच्या खोलीत मुख्याध्यापकांशी बोलत बसले आणि मी आत, भाकरी टाकणाऱ्या त्यांच्या बायकोजवळ. तिनं तव्यावरची भाकरी उलटवत, माझ्याकडे न पाहता, विचारलं की पेन्शनचे कागद तुमच्याच दवाखान्यात होतात का. मी टोपलीतल्या भाकरी मोजायला लागले. ती म्हणाली, “तुमी काही सांगू नोका मॅडम. तुमाले सांगता येत नसन. मीच सांगते.”

आणि तिनं सांगितलं. वरच्या खोलीतले पेपर तिला पंधरा वर्षांपासून माहीत होते. स्थळ आलं तेव्हा तिनं ठरवलं की पोरीला आंधळेपणानं द्यायचं नाही आणि त्यांनाही आंधळं ठेवायचं नाही. मुलगी पाहायच्या कार्यक्रमानंतर तिनं मुलाच्या आईला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं की आमच्या घरी हे असं आहे, तुम्ही विचार करा. मुलाची आई आधी तिच्याकडे पाहतच राहिली. मग रडायला लागली आणि म्हणाली की हेच सांगायला मी तुमाले बाजूले बोलावणार होती. दोघींनी मग मुलाची नीट चौकशी केली, तो घेत नाही याची खात्री करून घेतली, मुलीला सगळं सांगितलं. मुलीनं होकार दिला. सगळ्यांना सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्या दोघांना.

मी तिला म्हटलं की मग सरांना सांगून का टाकत नाही. तिनं भाकरी टोपलीत ठेवली आणि म्हणाली, “पहिल्यांदा सोताच्या पायानं दवाखान्यात गेले ते. मले माहीत हाय म्हटलं तर माह्यासाठी गेल्यासारखं होईन.” मी एवढी वर्षं शिकून, शिबिरं करून, ही बाजू कधी हिशेबात धरली नव्हती. पण ते आता जात नाहीत, हेही तिला माहीत होतं. आलेखाचा कागद तिनं उशीखाली पाहिला होता. मार्चपासून त्यावर नवा ठिपका नव्हता.

लग्न मेमध्ये अकोल्यात होतं. मला दोन पत्रिका आल्या, एक भाषणाच्या पाहुण्या म्हणून आणि एक पंखा दुरुस्त झालेल्या ऑफिसच्या मॅडम म्हणून. अकोला माझं माहेर, म्हणून गेले. अकोल्याचा मे, हॉलमध्ये कुलर सुरू असून लोक पत्रिकेनं वारा घेत होते. दोन्ही वडील पांढऱ्या कपड्यांत पहिल्या रांगेत शेजारी शेजारी उभे होते, आणि मी त्यांच्या मागच्या रांगेत. भंतेजींनी त्रिशरण पंचशील सुरू केलं. आम्ही सगळे त्यांच्यामागे म्हणत होतो. सरांचा आवाज स्पष्ट, एकेक उच्चार सुटा. वायरमनचा आवाज पंख्यांच्याही वर. पहिली चार शीलं झाली. पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. माझ्या पुढ्यातले दोन्ही आवाज तिथे बसले. सरांचा आधी, मग वायरमनचा. लहानपणापासून पाठ असलेली ओळ दोघांनाही पूर्ण करता आली नाही. वायरमननं मान वळवून सरांकडे पाहिलं. सर पायाकडे पाहत होते. मला हसू यायला हवं होतं, इतके दिवस येतच होतं. तेव्हा आलं नाही.

जेवणं झाल्यावर काय झालं ते मला नंतर त्यांनीच सांगितलं. नात्यातल्या एका भाच्यानं गाडीच्या डिकीत सोय केली होती. त्यानं दोघांनाही वेगवेगळा इशारा केला. सर हॉलच्या डाव्या बाजूनं गेले, वायरमन उजव्या. दोघं एकाच डिकीसमोर येऊन उभे राहिले. भाचा ग्लास शोधत होता. ऊन मी म्हणत होतं. मग सर म्हणाले, “मी मंगळवारी अमरावतीले जात होतो. दाढेसाठी नाई.”

वायरमन म्हणाला, “पंखाही कंपनीनं सांगितला नव्हता.”

त्या दिवशी डिकीपाशी घेतली की नाही, असं मी विचारलं तेव्हा दोघांनी एकदमच उत्तर दिलं. सर हो म्हणाले आणि वायरमन नाही. मी पुढे विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी दोघं बरोबर आले. सर दर्यापूरहून मूर्तिजापूरला गेले होते, वायरमन अकोल्याहून तिथे उतरला होता, आणि तिथून दोघं एका बसनं आले. हा सरांसाठी लांबचा रस्ता. गणिताच्या मास्तरानं तो का घेतला, हे मी विचारलं नाही. दोघं आमच्या पाटीखालच्या बाकावर बसले. त्यांना तिथे बसलेलं पाहून दाढेच्या बाकावरचे आणखी दोघं उठून इकडे आले. दंतविभागाच्या शिपायानं लगेच फडकं मारून आपला बाक पुसून घेतला.

इथे सगळं गोड झालं असं मला लिहिता येत नाही. एक यायचा तेव्हा दुसऱ्याला घेऊन यायचा, हे खरं. पण एक थांबला की दुसराही थांबायचा. पावसाळ्यात लाईनी तुटल्या, वायरमनला रजा मिळेना, तर सरांनीही दोन तारखा चुकवल्या. एकटा कसा येऊ, म्हणाले. त्यांचा आलेख त्या महिन्यात चांगलाच वर गेला. दिवाळीत जावयाला काय घ्यायचं यावरून दोन घरांत काहीतरी बोलाचाली झाली आणि दोघंही सहा आठवडे रुसले. एकमेकांवर रुसले, पण यायचं बंद केलं आमच्याकडे. मी फोन केला तर सर म्हणाले, ते येत असतील तर मी येत नाही. वायरमनचंही तेच. मी सांगितलं की दोघंही येत नाहीत. इतकी वर्षं जपलेला माझा नियम मी तेव्हा मोडला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

सातव्या मंगळवारी दोघांच्या बायका त्यांना घेऊन आल्या. बाकावर एका टोकाला सर, दुसऱ्या टोकाला वायरमन आणि मध्ये दोघी विहिणी, एकाच डब्यातला चिवडा खात. नवऱ्यांना आत डॉक्टरांकडे पाठवून त्या माझ्याकडे आल्या. मला वाटलं, काहीतरी तक्रार आहे. सरांच्या बायकोनं विचारलं की ह्यांच्यासाठी दोन दोन वार आहेत, तर आमच्यासाठी एखादा वार काहून नाही. डॉक्टरांना विचारून मी गुरुवार ठेवला.

पहिल्या गुरुवारी त्या दोघी आल्या, नंतर अंजनगावहून एक आली, मग एकीनं दुसरीला आणलं. मी आधी त्यांच्यासाठी विषय ठरवून ठेवायचे. पुढे ते सोडून दिलं. त्या नवऱ्यांबद्दल फारसं बोलत नाहीत. गुडघ्यांबद्दल बोलतात, सुनांबद्दल बोलतात, कुणाची बस किती वाजता आहे ते एकमेकींना सांगतात, आणि मधेच एखादी रडून घेते. एखादी आली नाही, तर तिला फोन त्याच करतात.